शुक्रवारची सुट्टी आणि मालेगावचा सुपरमॅन

मंडळी, धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालो की तासाभरात मालेगाव लागतं. आज ते नाशिक जिल्ह्यात मोडतं; पण १८६९ साली तो जिल्हा होईपर्यंत मालेगाव खानदेशातच होतं. याच रस्त्याने उत्तरेतले विणकर आले, १८५७ नंतर तर मोठ्या संख्येने. आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले. धुळ्यातही यंत्रमाग आहेत, तो खडखडाट आपल्याला नवा नाही.

हा इतिहास आम्ही अभ्यासक सहसा कापडाच्या अंगाने लिहितो : माग किती, माल किती. फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात कॅमेरा कामगाराच्या सुट्टीकडे वळवला. शुक्रवारी माग बंद, म्हणून तो सिनेमाचा दिवस. नासिर शेख आणि त्यांचे मित्र स्वतःचा सुपरमॅन कसा घडवतात, ते यात दिसतं. सायकलवरून कॅमेरा पळतो, बैलगाडीची क्रेन होते. सुपरमॅन झालेले शफीक यंत्रमाग कामगार. पुढे कर्करोगाने ते लवकर गेले.

हजेरीपटात शफीक म्हणजे नुसतं एक नाव. इथे ते उडताना दिसतात!

आता आपल्याकडे पाहू. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, दोन्ही बंद पडल्या. तिथल्या कामगारांची सुट्टी कशी जायची, हे कुणी टिपलं? घरात गिरणीतले आजोबा असतील तर आजच विचारा. मोबाइल समोर ठेवा, त्यांना बोलू द्या.