अंथरूण धरू नये म्हणून

म्हातारे माणूस घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, की घरची मंडळी म्हणतात, 'आजींनी अंथरूण धरले.' या वाक्यात पुढे बरे होण्याची अपेक्षा बहुधा नसतेच. ही समजूत निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक शतकांचा अनुभव तिच्या पाठीशी होता. पण तो अनुभव आता जुना झाला आहे. तो कसा जुना झाला, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हाडाची रचना पाहू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास चेंडूसारखा गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो. गोळा व दांडा यांना जोडणारा भाग म्हणजे त्या हाडाची मान. गोळ्याला मिळणारे रक्त मुख्यतः या मानेलगतच्या बारीक वाहिन्यांतून वर चढते. मान मोडली की या वाहिन्याही तुटू शकतात आणि वरचा तुकडा उपाशी राहतो. मनगटाचे हाड जसे जुळते तसे हे जुळत नाही, याचे मोठे कारण हेच.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पायाच्या व मांडीच्या अस्थिभंगासाठी 'कपाटशयन' सांगितले आहे. रोग्यास फळीवर निजवावयाचे आणि खुंट्यांच्या आधाराने अवयव हलू द्यावयाचा नाही. हाड स्थिर राहिले तर जुळते, हे सूत्र बरोबरच होते. पण ते पाळण्यासाठी सारा माणूसच स्थिर ठेवावा लागे. तरुणाला हे सोसते. सत्तरीच्या माणसाला सोसत नाही. त्याच्या पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरांत रक्त गोठते.

लंडनचे शस्त्रवैद्य अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ साली सांध्यांच्या मोडतोडीवर मोठा ग्रंथ लिहिला. संधिकोशाच्या आत मोडलेले हाड आणि बाहेर मोडलेले हाड यांत त्यांनी भेद केला आणि आतले का जुळत नाही, हे रक्तपुरवठ्यावरून सांगितले. त्याहून महत्त्वाचा होता त्यांचा व्यवहार. अशा वृद्ध रोग्याच्या पायाखाली ते काही दिवस उशी ठेवीत. वेदना ओसरली की त्याला खुर्चीवर बसवीत आणि पुढे कुबड्या देत. पाय अधू राहील, पण माणूस राहील, असा हा सौदा होता.

पुढच्या पिढ्यांना हा सौदा मान्य झाला नाही. न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन यांनी १९०२ मध्ये भूल देऊन हाड जागेवर आणण्याची आणि धडापासून पायापर्यंत प्लास्टर घालण्याची पद्धत मांडली. काहींची हाडे जुळलीही. मात्र रोगी कित्येक आठवडे त्या कवचात अडकून पडे. पुढे बोस्टनचे स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ साली तीन धारांचा पोलादी खिळा वापरला आणि १९३१ मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. लगेच १९३२ मध्ये स्वीडनचे स्वेन योहानसन यांनी पोकळ खिळा तारेवरून, क्ष-किरणांच्या साह्याने, सांधा न उघडता बसविला. पुढे गोळाच बदलून धातूचा बसविण्याची शस्त्रक्रियाही आली.

या खिळ्याकडे लोक हाड जुळविण्याचे साधन म्हणून पाहत. आमच्या मते त्याचा खरा पराक्रम निराळा आहे. हाड आतून धरले गेले, म्हणून बाहेरून माणसाला बांधून ठेवण्याची गरज संपली. कूपरना माणूस आणि पाय यांतून एकाची निवड करावी लागली होती; आता दोन्ही राखता येऊ लागले.

तरीही अंथरुणाची सवय सुटली नाही. लंडनचे वैद्य रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ साली अंथरुणात पडून राहण्याचे धोके एका गाजलेल्या लेखात दाखविले. हेस्टिंग्ज येथे मायकेल डेव्हास यांनी अस्थिवैद्य आणि वृद्धांचे वैद्य यांना एकाच रोग्याच्या खाटेशी आणले आणि शस्त्रक्रियेनंतर रोग्याला लवकर उभे करण्याचा आग्रह धरला.

हा आग्रह कशासाठी, याचे मोजमाप पुढे झाले. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले. त्यांच्या दोन्ही पायांचे मिळून सुमारे १ किलो मांस घटले. यांचे काहीही मोडलेले नव्हते! मग ज्याचे हाड मोडले आहे, ज्याला वेदनेने अन्न जात नाही, त्याचे काय होत असेल?

म्हणून आता घड्याळाला महत्त्व आले. इंग्लंडच्या २०११ सालच्या मार्गदर्शक नियमांत शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी आणि अडचण नसेल तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रोग्यास हालते करावे, असे सांगितले. रक्त कमी असणे, शरीरात पाणी कमी होणे असे दोष ताबडतोब दुरुस्त करावेत, म्हणजे त्यांपायी शस्त्रक्रिया लांबणार नाही, हेही त्यांत आहे.

याहून घाई केली तर? भारतासह १७ देशांतील २,९७० रोग्यांवरील पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. एका गटाची शस्त्रक्रिया निदानानंतर सुमारे ६ तासांत झाली, दुसऱ्याची सुमारे २४ तासांत. मृत्यूंच्या प्रमाणात निर्णायक फरक पडला नाही. पण पहिल्या गटातील रोगी लवकर उभे राहिले, त्यांना भ्रम कमी झाला आणि ते एक दिवस आधी घरी गेले. एका दिवसाच्या आतल्या घाईने मृत्यू टळतो असे यावरून म्हणता येत नाही. पण लवकर उभे राहण्याचा लाभ मात्र स्पष्ट दिसतो.

उरतो प्रश्न गेलेल्या बळाचा. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या १० वृद्धांना ८ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांचे बळ सरासरी पावणेतीनपट झाले! खुब्याचे हाड मोडलेल्यांवरही असा प्रयोग झाला आहे. सहा महिने देखरेखीखाली केलेल्या कसून व्यायामाने त्यांची हालचाल, घरच्या हलक्या व्यायामापेक्षा, अधिक सुधारली, असे २००४ साली दिसून आले. म्हातारे स्नायू शिकतात. त्यांना शिकविणारा हवा.

आता आपल्या घरांकडे वळू. पडलेल्या माणसाला भेटावयास येणारा प्रत्येक जण 'हाडाला धक्का लागू देऊ नका, निजू द्या' असे मायेने सांगतो. शस्त्रक्रियेचा विचार चार नातेवाईक जमेपर्यंत तहकूब राहतो. नंतरही पेज आणि पातळ वरण यांवर आजींना ठेवले जाते, आणि उठू लागल्या की चार हात त्यांना पुन्हा निजवितात. ही माया खरी आहे, पण ती स्नायूंना महाग पडते. कुटुंबाने वैद्यांना तीन प्रश्न विचारावेत: शस्त्रक्रिया केव्हा, उभे केव्हा करावयाचे, आणि पायांचा व्यायाम कोण करून घेणार? दूध, डाळ, चालत असल्यास अंडे ताटात आहे की नाही, ते घरच्यांनीच पाहावे.

प्रत्येक रोगी पूर्ववत चालेल असे वचन कोणीही देऊ शकत नाही. परंतु शंभर-दीडशे वर्षे शस्त्रवैद्यांनी जे कष्ट घेतले, ते रोग्याने पुन्हा जमिनीवर पाय टेकावा यासाठी. त्या पायाला जमीन मिळवून देणे आता घरच्या माणसांच्या हाती आहे.