रेडिओ-फोनोग्राफांचा जीर्णोद्धार व इतिहासाचा पुरावा

जुन्या पोथींत नकलकारानें पदरचा मजकूर घातला असेल, तर आपण त्यास प्रक्षेप म्हणतों व तो वेगळा काढल्यावांचून पोथी प्रमाण मानीत नाहीं. हाच न्याय जुन्या यंत्रांस लागावा, असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल कपाटवजा रेडिओ-फोनोग्राफ घेऊं.

अमेरिकेंतील कॅम्डेन येथील व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीनें १९०६ सालीं फोनोग्राफाचा कर्णा लांकडी कपाटाच्या पोटांत बसविला व त्या यंत्रास ‘व्हिक्ट्रोला’ हें नांव दिलें. १९२५ सालीं ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्यानें होऊं लागलें. पुढें १९२९ सालीं याच कंपनीचें ‘आर. ई. ४५’ हें यंत्र निघालें. रेडिओ व लाखेच्या तबकड्या, दोहोंचा आवाज त्यांत एकाच वर्धकांतून बाहेर पडतो. त्याच वर्षीं रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेनें व्हिक्टर कंपनी आपल्या ताब्यांत घेतली.

या यंत्राच्या वर्धकाच्या शेवटीं २४५ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत. १९२९ च्या सुमारास त्यांची काच फुग्यासारखी गोल असे. १९३२-३३ पासून खांदे असलेला घाट आला व २४५ चा नुसता ४५ झाला. तेव्हां अशा यंत्रांत खांद्याची काच आढळल्यास तो व्हॉल्व्ह मागाहून बसविला, हें उघड आहे. अक्षराच्या वळणावरून पोथीचा काळ ठरतो, तसाच हा प्रकार होय. परंतु दुरुस्ती करणारा जुने व्हॉल्व्ह टाकून देतो, आणि त्याबरोबर यंत्राचा इतिहासही जातो.

यावर कोणी म्हणतील, यंत्रास हातच लावूं नये. हें आम्हांस मान्य नाहीं. मुक्या यंत्राचा आवाज कसा होता हें कळत नाहीं, आणि आवाज हाही पुरावाच आहे. शिवाय डांबर ओतून डब्यांत बसविलेले कागदी कंडेन्सर कालांतरानें गळूं लागतात. तशा स्थितींत वीज जोडल्यास रोहित्र जळण्याचें भय असतें. तबकडीवरील सुई धरणाऱ्या पिकअपमधील रबर कडक होतें. तें न बदलल्यास तबकडी झिजते. एवढें बदललेंच पाहिजे. मात्र डांबर तापवून जुना गाभा काढावा, नवा कंडेन्सर त्याच डब्यांत ठेवावा व डबा पूर्ववत् बंद करावा. स्पीकरच्या चुंबकाचें वेटोळें पुष्कळ यंत्रांत वीजपुरवठ्याचाही भाग असतें. म्हणून कायम चुंबकाचा नवा स्पीकर बसवूं नये. लांकडावरील मूळ रोगण साफ करावें, खरवडूं नये.

काढलेला प्रत्येक भाग चिठी बांधून कपाटांतच ठेवावा. नकलकार पोथीच्या अखेरीस पुष्पिका लिहितो. तसा काय बदललें, केव्हां व कोणी, याचा कागद कपाटाच्या आंतल्या बाजूस चिकटवावा. असा कागद नसलेलें चकचकीत यंत्र संग्राहकानें विकत घ्यावें, पण साक्षीस उभें करूं नये.