दार्जिलिंग हिमालयीन रेल्वे : पारंपरिक चालनपद्धती व लोकजीवन – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय रेल्वेचा इतिहास लिहिताना बहुधा मार्ग, मैल, भांडवल आणि इंजिने यांचा हिशेब मांडला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, येथपासून हा हिशेब सुरू होतो. परंतु गाडी प्रत्यक्ष चालविणारे फायरमन, ब्रेकमन, पॉइंट्समन, खलाशी यांच्या कामाचा इतिहास त्यात क्वचितच सापडतो. दार्जिलिंग हिमालयीन रेल्वे या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण शतकापूर्वीच्या कामाच्या काही पद्धती तेथे अद्याप पाहावयास मिळतात. १९९९ मध्ये युनेस्कोने या रेल्वेचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. या वारशात नेमके काय जपावयाचे, इंजिन की ते चालविण्याची विद्या, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सिलिगुडी ते दार्जिलिंग हा हिल कार्ट रोड १८६० च्या दशकात तयार झाला. त्यावरून बैलगाड्या व टांगे चालत. चहाच्या मळ्यांचा विस्तार होऊ लागला तशी ही वाहतूक अपुरी व महाग ठरू लागली. ईस्टर्न बंगाल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी १८७८ मध्ये रस्त्याच्या कडेने रूळ टाकण्याची योजना सरकारपुढे ठेवली. सिलिगुडीस टनास ९८ रुपयांना मिळणारा तांदूळ दार्जिलिंगला पोहोचेपर्यंत २३८ रुपयांचा होतो, हा त्यांच्या युक्तिवादातील बिनतोड मुद्दा होता. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अॅश्ले ईडन यांनी योजना उचलून धरली. १८७९ मध्ये काम सुरू झाले आणि जुलै १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोहोचली. १९४८ मध्ये ही रेल्वे भारत सरकारने विकत घेतली. १९५८ पासून ती ईशान्य सीमा रेल्वेच्या अखत्यारीत आहे.

रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. सिलिगुडीची उंची सुमारे चारशे फूट, तर घूम स्थानकाची ७४०७ फूट. सुमारे पाऊणशे किलोमीटरच्या अंतरात गाडीला ही चढण चढावी लागते. निलगिरी पर्वतीय रेल्वेप्रमाणे येथे दातेरी रूळ नाहीत, त्यामुळे सारी चढाई गुळगुळीत चाक आणि गुळगुळीत रूळ यांच्या घर्षणावर अवलंबून असते. खर्च वाचावा म्हणून बोगदे टाळले गेले. त्याऐवजी मार्ग स्वतःभोवतीच वळवून वर नेणारे वेढे आणि गाडी पुढे-मागे नेऊन उंची गाठणारे ‘झेड’ आकाराचे टप्पे बांधण्यात आले. अभियांत्रिकीच्या या काटकसरीमुळेच येथे माणसांच्या कौशल्याची गरज वाढली.

चालनपद्धती : इंजिनावरील माणसे

या मार्गाची ओळख असलेली ‘बी’ वर्गाची चार चाकी इंजिने १८८९ पासून १९२० च्या दशकापर्यंत एकूण ३४ तयार झाली. त्यांपैकी बहुतेक ब्रिटनमध्ये, काही अमेरिकेतील बाल्डविन कंपनीत, तर तीन इंजिने रेल्वेच्या स्वतःच्या तिनधारिया येथील कारखान्यात उभी राहिली. इंजिन आखूड असावे म्हणून त्याला मागे कोळशाचा स्वतंत्र डबा जोडलेला नाही. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसविलेली असून कोळशाची पेटीही चालकाच्या पुढे, बॉयलरच्या वरच आहे. या रचनेतूनच कामाची वाटणी ठरली. कोळशाच्या पेटीवर बसलेला मनुष्य मोठे ढेकळे हातोडीने फोडून फायरमनच्या हाताशी येईल अशा बेताने पुरवितो. कोळशाचा आकार, शेगडीवर त्याचा पसरलेला थर आणि पुढे येणारा चढ यांचा मेळ घालावा लागतो. चढ लागण्यापूर्वीच वाफेचा दाब तयार असावा लागतो, कारण चढावर उशिरा टाकलेला कोळसा वेळेवर उपयोगी पडत नाही.

सर्वांत विलक्षण काम इंजिनाच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना बसलेल्या दोघा वाळूवाल्यांचे. पाऊस, धुके आणि कुजलेला पालापाचोळा यांमुळे रूळ निसरडे होतात आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी हे दोघे हाताने रुळावर वाळू सोडतात. वाळू कमी पडली तर चाक घसरते आणि जास्त पडली तर ती वाया जाते, रूळही झिजतो. किती सोडावयाची हे इंजिनाच्या धापेचा बदललेला ताल ऐकून ठरते.

उतारावर प्रश्न उलटा होतो. पारंपरिक पद्धतीत डब्यांना हातब्रेक असत आणि ते फिरविण्यासाठी गाडीवर ब्रेकमन नेमलेले असत. चालकाने ठरावीक प्रकारे शिट्टी दिली की त्यांनी ब्रेक आवळावयाचे वा सैल करावयाचे. म्हणजे गाडी थांबविणे हे एका माणसाचे नसून साऱ्या चमूचे काम होते. सुकना ते गयाबारी दरम्यानच्या ‘झेड’ टप्प्यांवर गाडी सांध्यापलीकडे पुढे जाते, पॉइंट्समन सांधा बदलतो, इंजिन संपूर्ण गाडी मागे ढकलत वरच्या पातळीवर नेते आणि पुन्हा सांधा बदलून पुढची वाट धरते. मागे जाताना चालकाला वाट दिसत नाही. त्या काळात गाडीच्या शेपटाकडील गार्डचा डोळा हाच त्याचा डोळा असतो. मैदानी रेल्वेवर दिसतात तशा सिग्नलांच्या रांगाही येथे नाहीत. स्थानकांमधील दूरध्वनी संदेश आणि गर्दीच्या दिवसांत एकाच दिशेच्या गाड्या थोड्या अंतराने एकामागून एक सोडण्याची रीत यांवर वाहतूक चालत आली.

लोकजीवन

रूळ व रस्ता शंभराहून अधिक ठिकाणी एकमेकांना छेदतात. ‘आराधना’ (१९६९) या चित्रपटातील गाडी व जीप समांतर धावण्याचे दृश्य मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. ते शक्य झाले ते रूळ आणि रस्ता यांच्या या सहवासामुळे. कर्सियांग, सोनादा, घूम येथे गाडी बाजारपेठेतून, दुकानांच्या उंबऱ्यांना जवळजवळ स्पर्श करीत जाते. शिट्टी ऐकू आली की रुळालगत मांडलेला माल मागे सरकतो आणि गाडी गेली की पुन्हा पूर्वीच्या जागी येतो. कर्सियांग–दार्जिलिंग गाडी अनेक वर्षे शाळकरी मुलांची गाडी म्हणून ओळखली जात असे. चढावर तिचा वेग इतका बेताचा की चालत्या गाडीत चढणे-उतरणे हा नित्याचाच प्रकार होता. इंजिनाला वाटेत वारंवार पाणी घ्यावे लागे. तेवढ्या वेळात प्रवाशांचे चहापाणी आणि गप्पा उरकत.

या चित्राचे केवळ रम्य वर्णन करणे इतिहासाला धरून होणार नाही. ही रेल्वे वसाहतकालीन चहा व्यापाराच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी बांधली गेली. थंडीपावसात इंजिनाच्या पुढच्या भागावर बसून वाळू सोडणे हे धोक्याचे व कष्टाचे काम आहे. हे काम करणाऱ्यांची नावे इंजिनांच्या क्रमांकांइतकी काळजीपूर्वक नोंदली गेली नाहीत, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

बदल व आव्हाने

जीप तीन-साडेतीन तासांत जे अंतर कापते त्यासाठी गाडीला सात-आठ तास लागतात. त्यामुळे रस्त्यावरील वाहतूक वाढली तशी नित्याच्या प्रवाशांनी रेल्वेकडे पाठ फिरविली आणि मालवाहतूकही थांबली. २००० मध्ये डिझेल इंजिने आली. त्यानंतर लवकरच ७८७ क्रमांकाचे वाफेचे इंजिन तेलावर चालविण्याचा प्रयोग झाला. त्यात इंजिन राहिले, पण कोळसा फोडणाऱ्याचे काम उरले नाही. तो प्रयोग रुजला नाही, मात्र त्याने वारशाविषयीचा मूळ प्रश्न उघड केला. निसर्गाचे आघातही होत राहिले. २०१० व २०११ मधील दरडींमुळे मार्ग तुटला आणि संपूर्ण मार्गावरील वाहतूक डिसेंबर २०१५ मध्येच पूर्ववत झाली. आज वाफेची इंजिने मुख्यतः दार्जिलिंग–घूम दरम्यानच्या पर्यटक फेऱ्यांवर दिसतात.

महाराष्ट्रातील नेरळ–माथेरान रेल्वे याच मापाची. १९०७ मध्ये ती सुरू झाली. तेथील वाफेची नियमित सेवा १९८० च्या दशकाच्या प्रारंभी संपली. काही मूळ इंजिने आता प्रदर्शनार्थ उभी आहेत. या शतकाच्या प्रारंभी दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे ‘बी’ वर्गाचे इंजिन माथेरानला आणले गेले, तरी नियमित वाफेची सेवा तेथे पुन्हा रुजली नाही. इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवता येते. चढ येण्यापूर्वी आग कशी तयार करावी, हे ज्ञान मात्र काम थांबले की एका पिढीत नाहीसे होते.

समारोप

युनेस्कोने या रेल्वेचा गौरव करताना तंत्रज्ञानाबरोबरच एका बहुसांस्कृतिक प्रदेशाच्या सामाजिक व आर्थिक विकासावरील तिचा प्रभावही महत्त्वाचा मानला आहे. त्या न्यायाने पाहता बाजारातून जाणारी गाडी, शाळकरी मुले आणि वाळूवाल्याचा हात हे सर्व या वारशाचेच घटक ठरतात. पर्यटक फेऱ्यांमुळे इंजिनांची आग पेटती राहिली, हे नाकारता येत नाही. तथापि दोन तासांच्या फेरीत लागणारे कौशल्य आणि संपूर्ण घाट चढताना लागणारे कौशल्य एकच नव्हे. सुकन्याचे जंगल, तिनधारियाचा चढ आणि ‘झेड’ टप्पे यांवर वाफेची गाडी अधूनमधून तरी चालली पाहिजे; अन्यथा ती विद्या अपुरीच पुढे जाईल.

याबाबत इतिहासाच्या अध्यापकांनाही काही करता येण्याजोगे आहे. निवृत्त चालक, फायरमन, ब्रेकमन यांच्या मुलाखती घेणे, शिट्टीचे संकेत व कामाचे शब्द त्यांच्याच भाषेत नोंदविणे, हे मौखिक इतिहासाचे काम महाविद्यालयीन पातळीवर सहज हाती घेता येईल. त्यासाठी दार्जिलिंगपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. माथेरानच्या वाफेच्या इंजिनांवर उमेदवारी केलेली पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे. तिच्याकडे कागद-पेन्सिल घेऊन वेळेत पोहोचणे हेच वारसाजतनाचे पहिले पाऊल ठरेल.