मुसाफिरखान्याचे पाणी

पुण्याजवळच्या जाधवगडासारख्या जुन्या वास्तू दुरुस्त करून तेथे हॉटेल चालवणे आता नवे राहिलेले नाही. भिंती जुन्याच असतात. पाण्यासाठी पंप असतो, गारव्यासाठी यंत्र असते. पण वीज नव्हती तेव्हा प्रवाशांची सोय कशी होत असे? छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची पाणचक्की पाहिली की याचे उत्तर मिळते.

खाम नदीकाठी, महमूद दरवाजाजवळ ही वास्तू आहे. मध्य आशियातून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा येथे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा परिसर वाढत गेला. येथे येणाऱ्या यात्रेकरूंना आणि फकिरांना निवारा व जेवण मिळे. त्यासाठी पीठ हवे, पाणी हवे आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गारवाही हवा. या तिन्ही गोष्टी एकाच नहरीने पुरवल्या.

शहराबाहेर काही किलोमीटरवर असलेल्या उंच जागेवरून जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी येथे आणले. ते एका उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. पंपाशिवाय पाणी चढले कसे? एक पारदर्शक लवचिक नळी घेऊन तिला इंग्रजी ‘यू’सारखा आकार द्या आणि तिच्यात पाणी भरा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी राहते. उगम उंचावर असेल, तर वाटेत कितीही खाली उतरलेले पाणी जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत पुन्हा चढते. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे, की नळाशी होणाऱ्या घर्षणात थोडी ऊर्जा खर्च होते. उरलेल्या ऊर्जेवर जाते फिरत असे.

हौदाच्या तळाखाली खांबांवर उभे असलेले दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. उन्हाची बरीच उष्णता पाण्यातच अडते. काही पाण्याची वाफ होऊन ती उष्णता निघून जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे सहा लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापवता येईल! दालन थंड राहते ते यामुळे.

आता जतनाचा प्रश्न. अशा वास्तूचे दगड आणि कमानी नीट केल्या, पण वरून रस्ता किंवा पाया खोदताना नळ फुटला, तर काय उरेल? हौद कोरडा पडेल, जाते थांबेल, खालचे दालन तापेल. वास्तू दिसायला शाबूत, पण तिचे काम संपलेले. म्हणून आम्हाला वाटते, की पाणचक्कीची हद्द तिच्या कुंपणाशी संपत नाही. ती उगमापर्यंत जाते. शहराच्या नकाशात हा सारा मार्ग दाखवलेला हवा.

सहलीला जाल तेव्हा विद्यार्थ्यांना दोन तापमापक द्या. एकाने उघड्या अंगणातल्या सावलीतले आणि दुसऱ्याने, परवानगी मिळाल्यास, हौदाखालच्या दालनातले तापमान दर तासाला नोंदवा. दोन्हींत किती फरक पडतो आणि तो दुपारी वाढतो का, हे मुलांनाच आलेख काढून ठरवू द्या.