वेळणेश्वर : शोभेची उष्णकटिबंधीय झाडे आणि थंडीचे पट्टे

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील या समुद्रकाठच्या गावात शोभेची झाडे निवडताना ‘हार्डीनेस झोन’चा आकडा फारसा कामाचा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने हे पट्टे १९६० मध्ये प्रथम नकाशावर मांडले. २०२३ची आवृत्ती १९९१ ते २०२० या काळातील नोंदींवर बेतलेली आहे. दरवर्षीच्या सर्वांत कमी तापमानाची सरासरी काढून सुमारे ५.६ अंश सेल्सिअसच्या अंतराने १३ पट्टे पाडलेले आहेत. बारावा पट्टा १० अंशांवर सुरू होतो, तेरावा १५.६ अंशांवर. कोकणची किनारपट्टी या शेवटच्या दोहोंतच मोडते. म्हणजे थंडीने झाड मरण्याचा प्रश्न इथे उद्भवतच नाही, आणि पट्टा मोजतो ती तेवढीच गोष्ट.

पोर्तो रिकोतील सान हुआन शहरही याच उबदार पट्ट्यांतले, पण तिथे बाराही महिने पाऊस असतो. वेळणेश्वरला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि पुढचे आठ महिने कोरडे जातात. म्हणून मूळ देशातले पावसाचे वेळापत्रक हीच खरी कसोटी. पांढरा चाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला, ओल्या-कोरड्या ऋतूंना सरावलेला. कोरड्या दिवसांत पाने गाळून तो निभावतो. बोगनवेल पावसात नुसती पानांनी माजते आणि उन्हाळ्यात फुलते. अँथुरियम मात्र कोलंबिया-एक्वादोरच्या सदा दमट रानातले. त्याला माड-पोफळींच्या आगरातली सावली, मुळाशी पातेरा आणि मे महिन्यातही शिंपण लागते. आकड्याच्या दृष्टीने तिन्ही झाडे इथे सारखीच सुरक्षित. माळ्याच्या दृष्टीने तिघांची गरज तीन तऱ्हांची.

आकडा निरुपयोगी कसा, असा आक्षेप रास्त आहे. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे थंडी लागते. त्याच्या पाकिटावरचा तीन ते आठ हा आकडा वाचला तर पैसे वाचतात. सह्याद्री ओलांडून निफाडकडे गेले की काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली उतरतो. तिथे क्रोटनसारख्या झाडांसाठी हा आकडा पाहायलाच हवा. दुसरा आक्षेप असा की विहीर आणि ठिबक असेल तर कोरडे महिनेही निभावतात. निभावतात खरे, पण पावसाळ्यात मुळाशी साचणारे पाणी आणि नैर्ऋत्येचा खारा वारा ठिबकने थांबत नाही. मुळे कुजतात, कोवळी पाने कडेने करपतात. यावरचा उपाय जागेच्या निवडीत आहे: समुद्राच्या अंगाला उंडी, केवडा, बोगनवेल, त्यांच्या आडोशाला जास्वंद नि क्रोटन, नाजूक झाडे आगराच्या पोटात, उंच वाफ्यावर. वेळणेश्वरला रोप विकत घेताना झोन विचारण्याआधी त्याला किती पाऊस सोसतो, किती कोरड सोसते आणि खारा वारा चालतो का, हे विचारावे.