चव्हाण, सुलोचना

चव्हाण, सुलोचना : (१९३३–१० डिसेंबर २०२२). मराठी लावणीगायिका. माहेरचे आडनाव कदम. जन्म मुंबईत, गिरगावातील फणसवाडीत. घरी तमाशाची परंपरा नव्हती आणि लावणीचे कौतुकही नव्हते. वत्सलाबाई कुमठेकरांच्या आवाजातली लावणी पोर सतत गुणगुणते म्हणून आईचा ओरडा बसे. गाण्याची रीतसर तालीम त्यांना मिळाली नाही. शिक्षण झाले ते ध्वनिमुद्रिका ऐकून आणि मेळ्यांतून.

चित्रपटासाठी गायला त्यांनी लहान वयातच सुरुवात केली, तीही हिंदीत. सुलोचना कदम या नावाने गायलेली ‘ढोलक’ (१९५१) या चित्रपटातील श्यामसुंदर यांच्या संगीतातली गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे रसिक अजून काढून ऐकतात. पुढच्या लावण्यांचा ठसका मनात धरून ती ऐकली, तर गायिका तीच यावर चटकन विश्वास बसत नाही, इतका तो आवाज मऊ आहे. त्याच वर्षीच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ या मराठी चित्रपटात वसंत देसाईंनी त्यांच्याकडून लावणी गाऊन घेतली. पडद्यावर हंसा वाडकर होत्या. ‘लावणीसम्राज्ञी’ हा किताब आचार्य अत्र्यांनी दिलेला.

खरे वळण मिळाले ते लग्नानंतर. ‘कलगीतुरा’ या चित्रपटाचे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी १९५३ साली त्यांचा विवाह झाला. लावणीत शब्द कुठे दाबायचा, कुठे फेकायचा, कुठे नुसता सोडून द्यायचा हे त्यांना नवऱ्याने शिकवले. सुलोचनाबाई त्यांनाच आपले गुरू मानत. त्यांच्या गाण्यात लांब ताना क्वचितच ऐकू येतात. एखाद्या अक्षरावरचा खटका, ढोलकीच्या थापेला बिलगून येणारा शब्द आणि टिपेला जाऊनही न फाटणारा आवाज, एवढ्यावर लावणी उभी राहते.

तो काळही अनुकूल होता. मुंबई राज्यातील बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली आणि ती उठल्यावरही फडांच्या संहितांवर सरकारी नजर राहिली. फडावरची वाट अशी अडलेली असताना अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा तमाशाप्रधान चित्रपट पुण्यात १३१ आठवडे चालला, तेव्हा मराठी निर्मात्यांना लावणीचा बाजार उमगला. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२) साठी संगीतकार वसंत पवार यांनी ‘मला हो म्हणतात लवंगी मिरची’ ही लावणी सुलोचनाबाईंना दिली. लिहिणारे जगदीश खेबूडकर कोल्हापूर जिल्ह्यातले, पेशाने शिक्षक. चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली ही पहिलीच लावणी. लावणीतली नायिका आपले गाव कोल्हापूर सांगते. गाणारी फणसवाडीची, पण तो तोरा ऐकून पुष्कळांनी तिलाच कोल्हापूरची ठरवली असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. पाठोपाठ ‘सवाल माझा ऐका!’ (१९६४) मध्ये ‘सोळावं वरीस धोक्याचं’ आले, आणि ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या लावण्या. बैठकीच्या ढंगातली ‘कळीदार कपूरी पान’ (राजा बढे – श्रीनिवास खळे) या सर्वांहून निराळी. तिच्यातला शृंगार दबक्या आवाजातला आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे गाणे सर्वांत पक्के दिसते ते तिथेच.

मंचावर त्या डोक्यावरून पदर घेऊन, जागच्या जागी उभ्या राहून गात. हातवारे नाहीत, डोळे मोडणे नाही. अदा जी काय ती आवाजात. फडावरची कलावंतीण गाते, नाचते आणि समोरच्या प्रेक्षकाशी बोलतेही. सुलोचनाबाईंनी त्यातला आवाज तेवढा वेगळा काढला. त्यामुळेच ज्या घरांतून तमाशाला जायची चोरी होती, त्या घरांत रेडिओवरून लावणी उजळ माथ्याने शिरली. ही प्रतिष्ठा फडावरच्या बायकांपर्यंत मात्र फार सावकाश पोचली. गाणे आणि अदा दोन्ही अंगी असलेल्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळायला २०१२ साल उजाडले.

शृंगारी गाणे चारचौघांत आणण्याचे असेच काहीसे सातासमुद्रापार घडले. १८४५ पासून मळ्यांवर मजुरीसाठी त्रिनिदादला नेलेल्या भोजपुरी माणसांची लग्नघरातली, बायकांनी बायकांत म्हणायची चावट गाणी पुढे ‘चटणी’ नावाने मंचावर आली. सुरिनामच्या द्रौपती या गायिकेची लग्नगीतांची ध्वनिमुद्रिका १९६८ ची, आणि त्यानंतर त्रिनिदादचे सुंदर पोपो यांनी या गाण्याला घरोघरी नेले. १९८७ च्या सुमारास त्रिनिदादच्याच द्रुपती रामगुनाई हिने त्याला सोका या तिथल्या नाचत्या संगीताची जोड दिली, तेव्हा बाईमाणसाने असे चारचौघांत गावे का, म्हणून तिथल्या सनातनी मंडळींनी गदारोळ केला. मिरची इकडे, चटणी तिकडे! फरक पदराचा. द्रुपती गाता गाता नाचली. सुलोचनाबाईंनी त्या आक्षेपाला जागाच ठेवली नाही.

महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार, संगीत नाटक अकादमी पुरस्कार (२०१२) आणि पद्मश्री (२०२२) हे त्यांचे प्रमुख सन्मान. ‘माझं गाणं माझं जगणं’ हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. पुत्र विजय चव्हाण हे नामवंत ढोलकीवादक. निधन मुंबईत झाले.

लावणीतला आवाज तेवढा वेगळा काढण्याची त्यांनी घालून दिलेली वाट पुढच्या पार्श्वगायिकांनी सोडलेली नाही. उदाहरणार्थ, आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरचा चित्रपट २०१० साली आला. गुणा कागलकर हा त्याचा नायक तमाशापायी नाच्या होतो आणि त्यासाठी अंगाची, अब्रूची किंमत मोजतो. त्यातल्या ‘वाजले की बारा’ या लावणीला आवाज बेला शेंडे यांचा आहे, नाच अमृता खानविलकर यांचा.