कच्च्या मडक्याची कुळकथा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात एखाद्याला ‘कच्चं मडकं’ म्हटलं की त्याच्याविषयी आणखी काही सांगावं लागत नाही. माणसाची पारख करणारा हा शब्द तेरच्या गोरोबाकाकांच्या अंगणातून निघाला, असं सगळे मानतात. मीही मानतो. माझी झोप उडवली ती त्या कथेतल्या लाकडी अवजारानं.

कथा घरोघरची आहे. संतमंडळी गोरोबांकडं जमली होती. कोपऱ्यातल्या थापटण्याकडं बोट दाखवून मुक्ताबाईनं विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते कळायला. मग आमच्यातलं कच्चं कोण ते सांगा, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, सगळे गप्प बसले. नामदेव मात्र उसळले, आणि निकाल लागला. परंपरेनं दिलेली सालं धरली तर गोरोबा 1267 चे आणि नामदेव 1270 चे, म्हणजे काका जेमतेम तीन वर्षांनी मोठे. पण ‘काका’पण काही वयावर ठरत नाही.

आता पेच असा, की थापटणं हे पारखायचं अवजारच नव्हे. चाकावरून उतरलेलं मडकं बुडाला जाड असतं. ते जरा आवळलं, की आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत त्याचं पोट गोल करतात, भिंत पातळ करतात. हे सगळं आव्यात जाण्याआधी. भाजलेल्या मडक्यावर कुणी तसं थापटणं चालवलं तर खापऱ्या गोळा कराव्या लागतील. पक्क्याची पारख टिचकीनं होते. खणखणलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा तडकलेलं.

आणि इथं दुसरी गंमत. पक्कं मडकं वाजतं. कथेत मात्र पक्के ठरलेले सगळे मुके आणि कच्चा तेवढा वाजला! कुंभारकामाच्या हिशेबानं निकाल उलटाच लागलाय.

कुंभारकामाला धरून असलेली उपमा मला सापडली ती थेट रोममध्ये. पर्सियस नावाचा कवी, जन्म इसवी सन 34, मृत्यू 62. आपल्या तिसऱ्या उपरोधिकेत तो एका आळशी तरुणाला सुनावतो, त्याचा आशय असा: ठोकून पाहिलं तर तुझ्यातला दोष वाजतो, तू नीट न भाजलेल्या मातीचं भांडं आहेस; अजून ओला आहेस, तर चाकावर चढ. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ बाजारपेठेचं नाव आहे, आणि तगर म्हणजे आपलं तेर. इथून माल भडोचला जायचा, तिथून पश्चिमेला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या काळातली मातीची भांडी आणि मूर्ती आजही पाहायला मिळतात. महिनाभर मी हवेत होतो: उपमा जहाजातून आली की गेली? आता उतरलोय. जिथं आवा आहे तिथं टिचकी आहे, आणि जिथं टिचकी आहे तिथं कुणाला तरी माणसाचं डोकं आठवणारच. दोघांनाही उसनवारीची गरज नव्हती.

तरी थापटण्याचा पेच उरतोच. एक मत असं, की ही कथा गुरुपरंपरेची बाजू मांडते. निवृत्तिनाथ-ज्ञानदेव ही भावंडं नाथपंथी, आणि विठ्ठलाशी थेट बोलणारे नामदेव निगुरे. पुढं खुद्द विठ्ठलच त्यांना गुरू करायला विसोबा खेचरांकडं धाडतो, औंढ्या नागनाथला. मत वजनदार आहे. महिपतींनी संतकथांचा ‘भक्तविजय’ 1762 साली पूर्ण केला, तोवर साडेचारशे वर्षं कीर्तनकारांनी कथेला आपापले हात लावलेच असणार. पण गुरूचं माहात्म्यच सांगायचं तर टिचकीनंही भागलं असतं. थापटणंच का?

माझं उत्तर असं. अवजाराची निवड चुकलेली नाही, आपलं वाचन चुकलंय. थापटणं फक्त ओल्या मडक्यावर चालतं, आणि त्या मंडळीत तसं एकच होतं. बाकीच्यांवरचे फटके नुसता शिष्टाचार. नामदेवांवरचा फटका हे काम होतं. काकांनी पारख केली नाही, घडण सुरू केली. पारखीचा अर्थ मागाहून चिकटला असावा, आव्याशी संबंध नसलेल्या कुणा कथेकऱ्याकडून. पुरावा मागाल तर पुढचे नामदेव बघा: पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत.

नामवंतांना साच्यात बसवायचा आजचा नाद त्या मानानं सपक. अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज 1917 च्या सुमारास थोरांची चरित्रं वाचून माणसांचे चार प्रकार पाडत होत्या. मग मानसशास्त्रज्ञ युंगचं 1921 चं पुस्तक इंग्रजीत हाती आलं आणि मुलगी इझाबेल मायर्सबरोबर माणसांचे सोळा प्रकार झाले. त्यात तुम्ही एकदा अंतर्मुख ठरलात की ठरलात. युंग स्वतः तरुणपणी काकांच्या जास्त जवळ होता. झुरिकच्या इस्पितळात तो रुग्णापुढं एकेक शब्द टाकायचा आणि घड्याळ लावून बघायचा, कुठल्या शब्दावर माणूस अडखळतो. फटका शब्दाचा, पण कान तोच. रामदासांनीही ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशी लक्षणं ओळीनं मांडली, पण तिथं निदान एका पायरीवरून दुसरीवर जाता येतं.

गोरोबांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला, ऐन माठाच्या दिवसांत. तेरणेकाठी समाधीला गर्दी होते. परवा आठवडी बाजारात एक आजी माठ निवडत होती. चार माठ टिचक्या मारून बाजूला सारले, पाचव्याला कान लावला. मी विचारलं, “आजी, थापटण्यानं नाही बघत का?” तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की माझाच निकाल लागला.